अर्थ लागत नव्हता

हॉर्न वाजवला की पेट्रोलचा काटा हलायचा.

सुरुवातीला मला ते गोडच वाटलं. अर्ध्यावर पेंगणारा काटा हॉर्नबरोबर दचकून पाऊण टाकीपर्यंत जायचा आणि हॉर्न सोडला की मुकाट खाली यायचा. सात रस्त्याच्या सिग्नलला पुढचा रिक्षावाला हलेना म्हणून हॉर्न दाबला की इकडे माझं पेट्रोल वाढायचं. स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगत असे. हेडलाइट लावले की इंडिकेटर दमेकऱ्यासारखा चालायचा, टिक... टिक... मध्येच एक उसासा. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे. म्हाताऱ्या गाडीचे चाळे म्हणून मी सोडून दिलं. रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेलेल्या माणसाला एकाच वेळी तीन लक्षणं दिसतात आणि तो ती तीन वेगवेगळी समजतो, याची आता लाज वाटते.

गाडी कोणती ते सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना नाव सांगितलं तर कपाळाला आठ्या पडतात. सॅन स्टॉर्म. 1998 मध्ये आलेली, गोव्यात बनलेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं फारसं हिच्यात नाही. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद 60 हॉर्सपॉवर. आजची साधी घरगुती हॅचबॅकही हिच्या पुढे निघून जाते, आणि जाताना आतलं पोर खिडकीतून हात हलवतं. पण हिचं अंग फायबरग्लासचं, म्हणून हलकं. बसलं की बूड जमिनीपासून वीतभर. 50 चा वेग 90 वाटतो. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला यापेक्षा जास्त स्पोर्ट नको.

2019 मध्ये कोल्हापूरहून ती घेतली आणि टप उघडून मिरज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरला आणली. मंगळवेढ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीत आलेली होती. घरी पोचलो तेव्हा तोंडावर इतकी धूळ होती की बायकोने दार उघडून आधी "कोण पाहिजे?" विचारलं, तेही थट्टेत नव्हे. गल्लीतल्या पोरांनी गाडीभोवती एक फेरी मारली. त्यातल्या सगळ्यात लहानाने विचारलं, "काका, हे गड्ड्यातलं हाय का?" सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या गड्ड्यात, गोल फिरणाऱ्या पाळण्यात असल्याच लाल फायबरच्या गाड्या असतात. त्याचा अंदाज अगदी बरोबर होता. त्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव 'गड्डा' पडलं ते पडलंच.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग ती बंद पडायला लागली. दर वेळी नाही, हीच खरी पीडा. सकाळी कॉलेजला जाताना गुणी बाळ, दुपारी परतताना मध्येच गप्प. स्टार्टर फिरतो, इंजिन उचलत नाही. अर्धा तास सावलीत उभं राहा, काही न झाल्यासारखी चालू.

एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. आधी गाडीच्या कॉम्प्युटरला दोष विचारणारा स्कॅनर लावून पाहिला. एक नाही, तीन लावले. तिन्ही स्कॅनरशी गाडीची कट्टी. स्क्रीनवर 'संपर्क नाही' एवढंच. मग पद्धत सुरू झाली ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: प्लग बदला. नाही गेलं? कॉइल बदला. नाही गेलं? पेट्रोल पंप बदला. फिल्टर तर बदलाच, तो काय स्वस्तच असतो. 28,000 रुपये गेले आणि काटा हॉर्नबरोबर हलतच राहिला. ताप आला म्हणून एकेक अवयव बदलत जाणारा डॉक्टर आपण सहन करणार नाही, पण मेकॅनिकच्या बाबतीत हाच प्रकार आपण 'ट्रायल' म्हणून मुकाट खपवून घेतो. मीही घेतला. वरून त्याला चहा पाजला.

आमच्या घरामागे एक मामा राहतात. पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर पूर्व भागातल्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून त्यांची हयात गेली. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. एका शेडमध्ये चोवीस माग खडखडत असताना, जिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे सात नंबरच्या मागाचा धोटा नीट बसत नाहीये हे दारातून ओळखणारा माणूस. आता कानाला यंत्र आहे. ते काढूनच माझ्या गाडीपाशी येतात. म्हणतात, यंत्राने माणसांचं ऐकू येतं, मशिनचं नाही.

एका रविवारी मी मल्टिमीटर घेऊन बॉनेटखाली वाकलो होतो.

"काय करलालाव सर?"

"अर्थ तपासतोय मामा. सगळे बरोबर आहेत." अर्थ म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. मी मीटर बीपवर ठेवून दाखवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डॅशबोर्डमागच्या अर्थच्या बोल्टला. टीं. वायर शाबूत. दिव्यांची वायर, टीं. हॉर्नची, टीं.

मामांनी मीटरकडे पाहिलंही नाही. "दिवे लावून बघितलं का?"

"दिवे कशाला? वायर तुटलीय का तेवढंच बघायचंय."

"रिकामा माग कुठला बी चांगलाच चालतो की ओ. ताणा चढवल्यावर बोला."

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. कारण हे मला माहीत होतं. बीप देताना मीटर वायरीतून जो प्रवाह सोडतो तो नखाएवढा असतो, एका अँपिअरचा हजारावा हिस्सा, कधी त्याहून कमी. वीस तारांच्या वायरीतल्या एकोणीस कुजल्या आणि एक उरली तरी तो प्रवाह आरामात जातो आणि मीटर आनंदाने ओरडतो. पण 55 वॅटचे दोन हेडलाइट पेटले की त्याच वायरीतून नऊ अँपिअर परतायचे असतात. एका तारेने ते कसे परतणार? वायर आहे की नाही हे मीटर सांगत होता. वायर काम करते की नाही हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

मीटर बीपवरून काढून डीसी व्होल्टवर आणला. टोकं तिथेच. दिवे लावले, पंखा लावला, मामांना हॉर्न दाबायला सांगितलं. 2.3 व्होल्ट. ज्या दोन जागांमध्ये फरक शून्याच्या जवळपास हवा, दशांशाच्या पुढे दोन-तीन आकडे दिसले तर दिसले, तिथे सव्वादोन व्होल्टच्या वर! 12 व्होल्टच्या संसारातले सव्वादोन परतीच्या वाटेवरच खर्च होत होते.

इथे फायबरग्लासचा मुद्दा येतो. पत्र्याच्या गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचं अंगच असतं. दिव्याला एक वायर आणायची, दुसरं टोक जवळच्या पत्र्याला आवळायचं, झालं. पत्रा एवढा मोठा की वाट कधी अरुंद पडत नाही. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिव्याची, प्रत्येक काट्याची परतीची वायर वेगळी ओढून सांगाड्याला किंवा बॅटरीला न्यावी लागते. ती वाट नीट असेल तर गाडी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. माझ्या गाडीतली बिघडली ती एका वायरमनच्या हातून. आधीच्या मालकाने गाण्यांसाठी मोठा अँप्लिफायर बसवून घेतला होता. त्या वायरमनने डॅशबोर्डमागचा अर्थचा बोल्ट खोलला, चार वायरींच्या डोक्यावर आपली पाचवी ठेवली, बोल्ट अर्धवट आवळला आणि वर काळी टेप गुंडाळली. टेप उकलली तेव्हा आतला डिंक मधासारखा ओघळला. कितीतरी उन्हाळे त्यात विरघळलेले. खाली तांब्यावर हिरवी बुरशी. मुलांना ही अभिक्रिया मी फळ्यावर दर वर्षी लिहून देतो.

म्हणजे हॉर्न वाजला की त्याच्या प्रवाहाला परतायला वाट नाही. तो बोल्टपाशी तुंबतो, तिथला व्होल्टेज वर चढतो, आणि त्याच बोल्टवर टेकलेल्या पेट्रोलच्या काट्याला वाटतं की टाकी भरली. इंडिकेटरचा दमा, ब्रेकबरोबर मंदावणारे दिवे, सगळे एकाच तुंबलेल्या गटारावरचे शेजारी. तीन लक्षणं, एक बोल्ट. सहा महिने मला अर्थ लागत नव्हता आणि अर्थ लागत नव्हता हेच दुखणं होतं. (हा विनोद मी त्या दिवशी मामांना तेलुगूत समजावायचा प्रयत्न केला. फसला.)

दोन दिवस मी तेवढंच केलं. अँप्लिफायर काढून भाच्याला दिला. प्रत्येक वायरीचं टोक चांगलं तांबं लागेपर्यंत कापलं, नवे लग, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या, दाबले. पक्कडीने नाही, एका इलेक्ट्रिशियनकडून दाबायचं खरं हत्यार मागून आणलं, कारण पक्कडीने चेपलेला लग दिसायला तसाच दिसतो आणि दोन पावसाळ्यांत सैल होतो. बॅटरीपासून इंजिनला आणि सांगाड्याला 16 चौरस मिलिमीटरच्या नव्या केबल टाकल्या. जिथे लग बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड चकचकीत केलं, आवळलं, वर व्हॅसलिनचा हात फिरवला. पुन्हा दिवे, पंखा, हॉर्न. 0.06 व्होल्ट. काटा हलला नाही. खरं सांगतो, थोडं चुकल्यासारखं झालं.

गाडी बंद पडायची मात्र थांबली नाही.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, की दोन आजार एकाच वेळी एकाच अंगात राहू शकतात आणि पहिला बरा झाल्याशिवाय दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही. मे महिना. पारा 43. संध्याकाळी तरी जरा वारा लागेल म्हणून मामांना शेजारी बसवून तुळजापूर रोडने निघालो. हिप्परग्याचा तलाव दिसायला लागला आणि गड्डा गप्प झाला. कडेला घेतला. मी स्टिअरिंगवर हात आपटला. मामांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. संकटकाळी माणसाने आधी जेवून घ्यावं असं त्यांचं मत आहे आणि त्याविरुद्ध माझ्याकडे आजवर पुरावा नाही.

भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बिघडली का थांबली?"

"तेच की मामा."

"तेच कसं? माग बिघडतो ते वेगळं, थांबतो ते वेगळं." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळालं नसतं. मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबतो. त्याला एक छोटा काटा असतो, दर फेरीला तो चाचपून बघतो: धागा आहे? आहे. धागा आहे? आहे. धागा नाही? मग माग थांबव. नाहीतर तो रिकामाच आपटत राहील आणि कापड नासेल. नवखा जॉबर थांबलेल्या मागाची मोटार खोलून बसतो. मुरलेला आधी विचारतो, याला कुणी थांब म्हटलं?

माझ्या घशात भाकरी अडकली. गाडीला थांब कोण म्हणतं?

अशा इंजिनात कॉम्प्युटर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही सोडतो, पण पिस्टन कुठे आहे हे कळल्याशिवाय काहीच सोडत नाही. ते त्याला सांगतो एक सेन्सर. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे वरच्या बाजूला, अंगठ्याएवढा; खाली इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाचे, फ्लायव्हीलचे, दाते मोजत बसलेला. आत केसासारख्या तारेचं वेटोळं, बस. तो गप्प झाला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन फिरतच नाहीये. तो ठिणगीही थांबवतो आणि पेट्रोलही. दोन्ही एकदम. एक प्लग काढून पाहिला, वायर तशीच ठेवून इंजिनाच्या धातूला टेकवून मामांना स्टार्टर मारायला लावला: ठिणगी नाही. इंजेक्टरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला: तोही गप्प. ठिणगी आणि पेट्रोल एकाच क्षणी स्वतंत्रपणे मरायची शक्यता किती? पंप बदलून काय होणार होतं? कॉइल बदलून तरी काय? ज्यांना थांब म्हटलं होतं त्यांनाच आम्ही बडवत होतो.

पाण्याची बाटली होती. टॉवेल होता, सोलापुरात गाडीत टॉवेल असतोच. ओला करून त्या सेन्सरवर नुसता ठेवला. चुर्र झालं. दोन मिनिटं थांबलो. चावी फिरवली. पहिल्या फेरीत इंजिन उचललं.

मामा भाकरीचे तुकडे झटकत म्हणाले, "थांबली होती मग."

घरी आल्यावर मोजलं. थंड असताना त्या वेटोळ्याचा रोध दोनशेवीस ओहमच्या आसपास. केस वाळवायच्या यंत्राने तापवला की मीटरवर काहीच नाही, वाटच तुटलेली. आत कुठेतरी तार तुटून टोकाला टोक टेकलेलं, तापलं की फाकायचं, निवलं की पुन्हा टेकायचं. पंचवीस वर्षं तापून निवून कुणाचंही हेच होणार.

नवा सेन्सर इथे मिळेना. पण या इंजिनाची गंमत अशी की इथे जे दुर्मीळ, ते युरोपात पायलीचे पन्नास. हेच इंजिन तिकडे रेनॉच्या क्लिओत आणि ट्विंगोत होतं; म्हणजे आपण ज्याचे लाड करतो तो सेन्सर तिकडे भाजी आणायला जाणाऱ्या गाडीत बसलेला. जर्मनीतला भाचा दिवाळीला येताना घेऊन आला, वीस युरोच्या आत. त्याच्यासोबत टायमिंग बेल्टही मागवला, कारण आधीचा किती धावला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. टायरचंही तेच. कुठल्याही टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आधी आठवडा मग साल. माझ्या मागच्या टायरवर 1409 होतं. 2009 सालचा चौदावा आठवडा. खाच जवळजवळ नव्यासारखी, पण रबर लाकडासारखं. असल्या टायरवर मी मंगळवेढ्याहून 90 ने आलो होतो.

गाडी नीट चालायला लागल्यावर कॉलेजची पोरं यायला लागली. सर, मोठी अलॉय टाका. सर, टर्बो बसवून देणारा एक आहे. सर, सायलेन्सर तरी बदला, आवाज येऊ द्या. एकाने तर फोनवर आवाजही ऐकवला, भिंत पाडत असल्यासारखा. मी 'बघू' म्हटलं. मला काय सुधारायचं होतं ते सांगितलं असतं तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता.

मी दिव्यांना रिले बसवले. मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा प्रवाह बटणातून फिरून जात होता आणि बल्बपाशी पोचेपर्यंत 13.8 मधले 11.9 व्होल्ट उरत होते. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास 30 टक्क्यांनी घटतो. रिले लावल्यावर बटण फक्त इशारा करतं, प्रवाह बॅटरीपासून थेट जातो. बल्ब तेच, 55 वॅटचेच. रात्री होटगी रोडला गेलो तर रस्त्यावरची म्हैस आधी दिसली आणि मग मी घाबरलो. पूर्वी क्रम उलटा होता.

पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, आणि इथे जरा थांबतो, कारण यात आमच्या जिल्ह्याचा हात आहे. सोलापूर जिल्ह्यात कुठेही जा, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकल्याशिवाय पोचत नाही; हंगामात दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या, आणि मळीचा वास मैलभर. त्या मळीतून, उसाच्या रसातून इथेनॉल निघतं आणि 2025 उजाडेपर्यंत आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत गेलं. शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचं तर मी त्याच्याच बाजूचा. पण 25 वर्षांपूर्वीचं रबर या पाहुण्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल जुन्या नळीला आतून मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. मी नळी चिमटीत दाबली तर बोटाला काजळ लागलं. इंजेक्शनच्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो. तापलेल्या इंजिनावर ती फाटली तर काय होईल याचा विचार करत मी त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी मागवली ती आर-9 दर्जाची, आत फ्लुओरोइलास्टोमरचं अस्तर असलेली नळी. क्लिपही बदलल्या, नळी कापणाऱ्या दातेरी क्लिपऐवजी गुळगुळीत कडेच्या. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. पोरं म्हणाली, सर काहीच नवीन केलं नाही का?

एक गोष्ट मात्र कुणाचं ऐकून केली नाही, ती म्हणजे थर्मोस्टॅट काढणं. सोलापुरात गाडी तापते म्हटलं की पहिला सल्ला हाच: थर्मोस्टॅट काढून टाका, इथे थंडी कुठाय? अरे, पण तो इंजिन गरम ठेवायलाच असतो, ठरलेल्या तापमानाला. काढला की हायवेवर इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो, आणि गावात ट्रॅफिकमध्ये मात्र ते तापतं ते तापतंच, कारण तिथे दोष पंख्याचा किंवा चोंदलेल्या रेडिएटरचा असतो. माझ्या गाडीत पंख्याचा स्विच आळशी होता. 400 रुपये.

अंगाचं काम राहिलं होतं. डाव्या चाकावर, मडगार्डच्या वर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा गेल्या होत्या. गावातल्या डेंटरने हात लावून परत दिली. पत्रा असता तर ठोकला असता, हे ठोकून बसत नाही. शेवटी ज्याच्याकडे गेलो तो बागेतल्या घसरगुंड्या बनवतो. घसरगुंड्या, मशरूमच्या आकाराची बाकडी आणि पोटात कचरा टाकायचे पेंग्विन. एका शेडमध्ये तीसेक पेंग्विन तोंड उघडून उभे, मध्ये माझी गाडी. त्याने तडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वर कोण बसलं होतं?" कोणीतरी फोटोसाठी बॉनेटच्या कडेवर बसलं होतं, साखरपुड्यात. तडा वरून दिसते पण फायबर आतून वाकलेलं असतं. म्हणून आधी आतून काचतंतूंच्या चटईचे थर चढवायचे, मग बाहेरून तडा व्ही आकारात खरवडून भरायची. नुसतं वरून भरलं तर महिन्यात पुन्हा उगवते.

तो म्हणाला, पहाटे पाचला या. मला वाटलं दिवसा दुसरं काम असेल. तसं नव्हतं. रेझिनमध्ये हार्डनर शंभराला एक-दोन टक्के एवढंच टाकायचं असतं, आणि ते घट्ट व्हायला लागलं की स्वतःच तापतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा उच्चारलंय की त्याचा मला वास येत नाही. त्याने मला वास दिला. मागच्या मे महिन्यात दुपारी बाराला कालवलेल्या रेझिनचा मग त्याने जपून ठेवला होता: प्लॅस्टिकचा मग वितळून वाकडा झालेला, ब्रश मधोमध उभा, सगळं मिळून एक पिवळा दगड. "तीन मिनिटं पण नाही मिळाली बे," तो पोऱ्याकडे बघून म्हणाला, मग मला म्हणाला, "तुम्हाला नाही सर." पहाटे पाचला, अंगावर शहारा येईल इतपत गारव्यात, त्याने चटईचे तुकडे आतून चिकटवले, ब्रशने आपटत आपटत, एकही बुडबुडा न ठेवता. सव्वासहाला पेंग्विनांवर ऊन आलं तेव्हा त्याने ब्रश ठेवला.

कागदपत्रांचं एका ओळीत: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पुन्हा तपासून नोंदवावी लागते, 2022 मध्ये त्याची फी 600 ची 5000 झाली, आणि तपासणाऱ्या साहेबांनी तपासून झाल्यावर गाडीत बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. मी त्यांना बॉनेटवर बसू दिलं नाही.

आता उरलंय ते टप. कापडी टप आणि समोरच्या काचेची चौकट जिथे भेटतात तिथून पाऊस आत येतो, आणि बरोबर चालवणाऱ्याच्या डाव्या मांडीवर. दोनदा रबर बदललं. तरी येतो. मामांनी परवा एक पद्धत सांगितली: रबरावर सगळीकडे पावडर लाव, टप बंद कर, नळीने हळू पाणी सोड, मग आत बसून बघ कुठली पावडर आधी ओली होते. केलं. पाणी समोरून येतच नाहीये. ते मागच्या शिवणीतून शिरतं, कापडाच्या आतल्या बाजूने धाग्याधाग्याने पुढे सरकतं, आणि उतार संपला की टपकतं. मामांनी शिवणीवर अंगठा फिरवला, कापड उजेडाकडे धरलं, आणि ज्या आवाजात ते कधी काळी एखाद्या मालकाला सांगत असतील त्या आवाजात म्हणाले, "बाणा विरळ हाय."

कापड शोधतोय. चादरीच्या गावात घट्ट विणीचं ताडपत्री कापड मिळायला इतका वेळ का लागावा कळत नाही, पण तीन दुकानांत चादर घ्या म्हणाले. तोवर डाव्या मांडीसाठी एक टॉवेल असतो, सेन्सरच्या आठवणीसाठी एक, आणि काल संध्याकाळी नन्नजच्या बाजूने आभाळ भरून आलं तेव्हा मी तिसरा आणून ठेवला.